पट्टा घसरणे (फेरबदल केलेल्या मोटारीच्या इंजिनातील)

मोटारीच्या इंजिनासमोरचा रबरी पट्टा (गॅरेजच्या बोलीत बेल्ट किंवा फॅनबेल्ट) क्रँकशाफ्टच्या पुलीवरून फिरत अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत पंखा व पॉवर स्टिअरिंगचा पंप चालवतो. पुलीवरची पकड सुटून पट्टा मागे पडू लागला की तो घसरतो असे म्हणतात. किंचाळल्यासारखा आवाज, दिवे मंदावणे, बॅटरीचा लाल दिवा लागणे, इंजिन तापणे, स्टिअरिंग जड होणे आणि जळक्या रबराचा वास ही त्याची लक्षणे आहेत. मूळ रचनेतल्या इंजिनात कारण बहुधा झिजलेला किंवा सैल पट्टा असतो. मोठा अल्टरनेटर, नंतर बसवलेला एसी, दुसऱ्या गाडीचे इंजिन किंवा वेगळ्या व्यासाची पुली असलेल्या इंजिनात मात्र पट्ट्यावर दोष ठेवण्यापूर्वी बदललेला भार आणि बदललेली मांडणी तपासावी लागते. अशा गाडीत घसरणारा पट्टा हा सहसा परिणाम असतो, कारण नव्हे.

याचा पुरावा साध्या गणितात आहे. पट्ट्याला द्यावी लागणारी ओढ म्हणजे शक्ती भागिले पट्ट्याचा वेग. क्रँकची पुली १५० मिमी व्यासाची असेल, तर मिनिटाला ८०० फेऱ्यांना पट्टा सेकंदाला सुमारे ६.३ मीटर धावतो. अल्टरनेटर २ किलोवॅट घेत असेल, तर ओढ सुमारे ३२ किलोग्रॅम-बलाची होते. २४०० फेऱ्यांना तेवढ्याच शक्तीसाठी ती ११ वर येते. म्हणून जादा दिवे, मोठा साउंड आणि एसी लावलेली गाडी उभी असताना ओरडते आणि रस्त्यावर धावू लागली की गप्प होते. पंखा आणि पाण्याचा पंप यांचे गणित उलटे आहे. त्यांना लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे त्यांच्या पुलीवरची घसरण चढ्या फेऱ्यांना उघडी पडते. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या रांगेमुळे या दोन्ही परीक्षा जवळजवळ होतात: बीडच्या बाजाररस्त्यावर एसी लावून थांबलेली गाडी पहिली देते, मांजरसुंबा किंवा धारूरचा घाट खालच्या गिअरमध्ये चढणारी गाडी दुसरी. घसरण कोणत्या वेळी होते, हेच दोषी पुली कोणती याचे पहिले उत्तर असते.

दुसरा घटक म्हणजे पट्टा पुलीला किती अंशांत वेढतो. बैलाचा दोर खुंट्याला एक वेढा जास्त घातला की थोड्या जोराने धरून ठेवता येतो, तसेच इथे घडते; ताणलेल्या बाजूच्या ओढीचे सैल बाजूच्या ओढीशी गुणोत्तर वेढ्याच्या कोनाबरोबर घातांकाने वाढते. खाचेतील परिणामी घर्षणांक ०.९ धरला, तर १५० अंशांच्या वेढ्याला हे गुणोत्तर साधारण साडेदहा भरते आणि ११० अंशांना साडेपाचच्या थोडे वर राहते. एसीचा कंस (ब्रॅकेट) बसवताना अल्टरनेटर थोडा सरकवला, किंवा मधली आयडलर पुली काढून टाकली, की पट्टा नवा असूनही एवढी पकड हातची जाते. पुल्या एका ओळीत नसल्या तर पट्ट्याच्या कडाही झिजतात. १०० मिमी अंतरात एक अंशाची तफावत म्हणजे पावणेदोन मिलिमीटर, आणि घरगुती वेल्डिंगच्या कंसात एवढा फरक सहज राहतो.

यावर अनुभवी मिस्त्रींचा आक्षेप असतो की पट्टा कसला की आवाज थांबतो, म्हणजे दोष सैलपणाचाच. आवाज थांबतो हे खरे, पण जादा ताणाची किंमत बेअरिंग मोजते. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. बेअरिंगवरचा भार दीडपट झाला की आयुष्य तीस टक्क्यांच्या आसपास उरते. आपोआप ताण राखणारा टेन्शनर आहे, मग काळजी कशाला, हा दुसरा आक्षेप. त्या टेन्शनरची स्प्रिंग मूळ अल्टरनेटरचा भार धरून ठरवलेली असते. नव्या भाराची तिला कल्पना नसते. पट्ट्याला लावायचा फवारा हाही इलाज नव्हे. चिकटपणा काही काळ टिकतो, मग त्यावर धूळ बसते. कच्च्या रस्त्यांची माती, वीटभट्ट्यांची भुकटी आणि परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेचा परिसर असलेल्या जिल्ह्यात हा उपाय खाचा गुळगुळीत करायलाच मदत करतो.

निदानाचा क्रम म्हणून असा धरावा. आधी तेल किंवा कूलंटची गळती पाहावी. मग चालू इंजिनावर पट्ट्याच्या खाचांच्या बाजूला थोडे पाणी फवारावे: आवाज लगेच वाढला तर घसरण, क्षणभर थांबून परत आला तर पुल्या ओळीत नाहीत. नंतर इंजिन बंद करून पट्टा काढावा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवावी. जड किंवा खरखरणारी पुली हे स्वतंत्र कारण आहे. सरळ पट्टी लावून ओळ तपासावी. शेवटी टॅकोमीटरने दोन्ही पुल्यांच्या फेऱ्या मोजाव्यात. १५० आणि ६० मिमीच्या पुल्यांत क्रँकच्या २००० फेऱ्यांना अल्टरनेटरच्या ५००० यायला हव्यात. ४६०० आल्या तर घसरण ८ टक्के आहे. एखाद-दोन टक्क्यांचा फरक रबराच्या लवचिकतेचा असतो. तालुक्याच्या गॅरेजात एवढी साधने नसतात, हा आक्षेप टिकत नाही. पुलीवर लावलेल्या चकाकत्या चिकटपट्टीवरून फेऱ्या मोजणारा साधा टॅकोमीटर एका बिघडलेल्या अल्टरनेटरपेक्षा स्वस्त पडतो. पट्टा फिरत असताना उपरणे, बाही किंवा हात जवळ नेऊ नये.

पट्टा डोळ्यांनी पाहून निर्णय घेण्याची जुनी सवयही आता अपुरी आहे. पूर्वीचे निओप्रिनचे पट्टे चिरा पडून वय सांगत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळलेले ईपीडीएम या कृत्रिम रबराचे अनेक खाचांचे पट्टे चिरा न पाडता टायरसारखे झिजतात, म्हणून त्यांची खाच मापकाने पाहावी लागते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते, आणि इंजिन बदलायचे तर बीडच्या एमएच-२३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ नोंदणीच्या गाडीलाही परिवहन कार्यालयाची पूर्वमान्यता लागते. ज्या दिवशी भार वाढवला, त्याच दिवशी पुल्यांचे व्यास, वेढ्याचा कोन आणि ताण कागदावर उतरवून ठेवणे हे फेरबदलाचेच काम आहे. ते झाले नाही, तर पुढचा मिस्त्री नवा पट्टा चढवून जुनाच बिघाड परत देतो.