हलत्या गाठीवर किरणांचा नेम

फुफ्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व औषधोपचार यांच्या बरोबरीने किरणोपचार हा महत्त्वाचा उपाय आहे. जालना जिल्ह्यातील रुग्णांना त्यासाठी जवळचे मोठे सरकारी केंद्र म्हणजे सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. ते २०१२ मध्ये सुरू झाले. प्रचलित पद्धतीत आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे किरण दिले जातात. इतक्या फेऱ्यांचे फलित एका प्रश्नावर अवलंबून असते : किरण सुटतात त्या क्षणी गाठ नेमकी कोठे आहे?

गाठ का हलते?

निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेते. प्रत्येक श्वासाबरोबर श्वासपटल खाली सरकते, फुफ्फुस प्रसरण पावते आणि त्यातील गाठही सरकते. फुफ्फुसाच्या वरच्या भागातील गाठ बहुधा काही मिलिमीटरच हलते; श्वासपटलाजवळची गाठ मात्र एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वर-खाली होऊ शकते. खोकला, धाप, भीती यांमुळे एकाच रुग्णाचा श्वासही रोज सारखा राहत नाही.

नेम चुकला, तर गाठीच्या कडेला अपुरे किरण मिळतात आणि रोग पुन्हा डोके वर काढतो. तो धोका टाळण्यासाठी किरणांचे क्षेत्र सरसकट वाढविले, तर निरोगी फुफ्फुस भाजून निघते. उपचारानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कोरडा खोकला, धाप व ताप घेऊन येणारा फुफ्फुसदाह त्यातूनच उद्भवतो. अन्ननलिका, हृदय व मज्जारज्जूही जवळच असतात.

हालचालीचे मोजमाप

यासाठी चतुर्मितीय सीटी स्कॅन केला जातो. रुग्ण नेहमीप्रमाणे श्वास घेत असताना पोटाची हालचाल उपकरणाने टिपली जाते आणि एका श्वासचक्राची साधारणपणे दहा टप्प्यांत चित्रे मिळतात. त्यांवरून गाठीचा पूर्ण मार्ग समजतो. ही हालचाल ५ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास ती आवरण्याचे उपाय योजावेत, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये केली.

श्वासाशी जुळवणी

पहिला मार्ग म्हणजे गाठीचा संपूर्ण मार्ग किरणक्षेत्रात घेणे. हालचाल थोडी असल्यास हे पुरेसे ठरते. दुसऱ्या मार्गात पोटावर पट्टा किंवा दाबपट्टी लावून खोल श्वासाला आवर घातला जातो. तिसऱ्यात रुग्णाने दीर्घ श्वास घेऊन तो सुमारे १५ ते २० सेकंद रोखायचा आणि तेवढ्याच वेळात किरण सोडायचे. मात्र, धाप लागणाऱ्या रुग्णाला हे जमेलच असे नाही. चौथ्या पद्धतीत श्वास चालूच राहतो; तो ठराविक टप्प्यावर आला की यंत्र किरण सोडते, एरवी थांबते. जपानमधील संशोधकांनी १९८९ मध्ये या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली होती. यात उपचाराला वेळ अधिक लागतो. काही प्रगत यंत्रे तर सरकत्या गाठीमागोमाग किरणांची दिशाच बदलतात.

प्रत्येक उपचारापूर्वी यंत्रावरच सीटी चित्र घेऊन रुग्णाची स्थिती मूळ नियोजनाशी ताडून पाहिली जाते. केवळ हाडे जुळणे पुरेसे नाही. पाठीचा कणा जागेवर असूनही गाठ सरकलेली असू शकते. शिवाय हे चित्र घेईपर्यंत अनेक श्वास होऊन जातात, त्यामुळे गाठ त्यात पुसट दिसते. म्हणूनच चित्राचे मार्गदर्शन श्वासनियंत्रणाला पूरक आहे, पर्याय नव्हे.

मोजक्या फेऱ्यांचा उपचार

गाठ लहान असून रोग पसरलेला नसेल, तर मोजक्याच बैठकांत प्रखर किरण देता येतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत १९९१ च्या सुमारास या पद्धतीची सुरुवात झाली. शस्त्रक्रिया करणे शक्य नसलेल्या रुग्णांवरील अमेरिकी अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन बैठकांत ५४ ग्रे मात्रा दिल्यानंतर तीन वर्षांनी मूळ गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण ९७.६ टक्के आढळले. दूरच्या रुग्णाच्या दृष्टीने तीस फेऱ्यांऐवजी तीन ते पाच फेऱ्या हा मोठाच दिलासा. परंतु एकेका बैठकीची मात्रा मोठी असल्याने नेम चुकणे येथे अधिक महागात पडते. त्यासाठी रोग वेळीच कळणेही आवश्यक आहे. लांबलेला खोकला क्षयरोगाचाच समजून तपासणी टाळल्यास ही संधी हातची जाते.

रुग्णाने काय करावे?

गाठ श्वासाबरोबर किती हलते, ती हालचाल कशी मोजली आणि कोणती पद्धत वापरणार, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. श्वास रोखण्याचा सराव आधी करून घ्यावा. खोकला वाढल्यास किंवा आडवे झाल्यावर धाप लागल्यास ते किरण घेण्यापूर्वीच सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे; आपल्याला सुचविलेली पद्धत त्यात बसते का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. यंत्र कितीही प्रगत असले, तरी रुग्णाचा संथ, एकसारखा श्वास हाही या उपचाराचाच एक भाग आहे.