धनी बदलले, तळी राहिली

बंगळूरने दीडशे वर्षांत किती धनी पाहिले! १५३७ च्या सुमारास केंपेगौडांनी वसवलेले हे गाव १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने जिंकले, शहाजीराजांच्या जहागिरीत आले, १६८७ मध्ये मोगलांनी घेतले आणि तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकून टाकले. तरी पावसाचे पाणी अडवणारी तळ्यांची साखळी बहुतांशी टिकली, कारण तिचा रोजचा कारभार किल्ल्यात नव्हता, बांधावर होता. पाणी वाटणारा गावकामगार, म्हणजे नीरगंटी, तळ्याची तूब (पाणी सोडायचे दार) उघडी, पाळीने शेतांना पाणी सोडी. त्याबद्दल त्याला इनाम जमीन किंवा पिकाचा वाटा मिळे. वरचे तळे भरले की सांडव्याचे पाणी कालव्याने खालच्या तळ्यात उतरे.

या साखळीने पूरही आवरे म्हटले, तर ही तळी शेतीसाठी होती, पूर रोखायला नव्हे, हा आक्षेप येतो, आणि तो रास्तच. १८७६-७८ च्या दुष्काळात तर ती पुरी पडली नाहीत. पण उताराचे पाणी टप्प्याटप्प्याने थोपवले की पुराचा जोर मोडतोच, हेतू काहीही असो. गंमत अशी, की मोडतोड झाली ती स्थिर राजवटीत. १८९० च्या दशकात हेसरघट्ट्याच्या जलाशयातून नळाचे पाणी आले आणि शहराला तळ्यांची गरज वाटेनाशी झाली. पुढे धर्मांबुधी तळ्यावर बसस्थानक, संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम उभे राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये पूर आला, तेव्हा शहरातल्या बेळ्ळंदूरच्या बाजूला रहिवाशांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले.