एक मरणगीत, नऊ गळे

‘करंट ९३’ या ब्रिटिश चमूचा ‘ब्लॅक शिप्स एट द स्काय’ हा आल्बम २००६ साली आला. प्रलयाची भाकिते, सीझर, आभाळ खाणारी काळी जहाजे असा सगळा त्याचा ऐवज. पण या गाण्यांच्या अधूनमधून एकच जुने स्तोत्र येत राहते. नऊ वेळा, आणि दर वेळी गळा निराळा. या स्तोत्राचे नाव ‘इड्युमिया’.

शब्द चार्ल्स वेस्लीचे. मेथडिस्ट पंथाच्या या कवीने ते १७६३ साली छापले, तेही लहान मुलांसाठीच्या स्तोत्रसंग्रहात. देह सोडल्यावर जिवाचे काय होते, हा त्यातला प्रश्न. घरोघरी मुले दगावत होती त्या काळात तो मुलांपुढे ठेवणे कुणाला वावगे वाटले नसावे.

चाल मिळाली ती अर्धशतकानंतर, अटलांटिकपलीकडे. व्हर्जिनियातल्या अनानायस डेव्हिसनने १८१६ साली ‘केंटकी हार्मनी’त ती छापली. नाव बायबलातल्या अदोम देशाचे. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत ‘सेक्रेड हार्प’ गायकीने ती जिवंत ठेवली. या गायकीच्या पोथीत स्वरांना आकार असतात: फा त्रिकोणी, सोल गोल, ला चौकोनी, मी हिऱ्यासारखा. गाणारे चार बाजूंना एकमेकांकडे तोंड करून बसतात, मधला माणूस हाताने ताल देतो. आधी सगळे स्वरांची नावे गातात, आपल्याकडे सरगम म्हणावी तशी, मग शब्द. वाद्य नाही, आणि खास श्रोत्यांसाठी म्हणून काही नाही. आवाज मोकळा, जवळजवळ ओरडल्यासारखा.

१९५९ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स अलाबामातल्या फाइफ गावी ही गायकी टिपायला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत इंग्लंडच्या ससेक्समधली एक तरुण गायिका होती: शर्ली कॉलिन्स. पुढे ती इंग्लिश लोकगीतांचा मोठा आवाज झाली. मग कंठच धरला आणि तिने गाणे सोडले.

‘करंट ९३’चा डेव्हिड टिबेट तिचा निस्सीम चाहता. हा चमू १९८२ साली लंडनच्या इंडस्ट्रियल संगीतातून निघाला. टेपचे तुकडे आणि मंत्रोच्चार हा त्याचा सुरुवातीचा बाज. दशक संपता संपता टिबेट गिटार आणि जुन्या लोकगीतांकडे वळला. निओफोक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संगीताचा जन्म असा इंडस्ट्रियल आणि लोकगीत या दोन घरांतला आहे. म्हणूनच ‘इड्युमिया’च्या नऊ गळ्यांत ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या इंडस्ट्रियल चमूची कोसी फॅनी टुटी आहे, आणि आल्बमच्या अगदी शेवटी शर्ली कॉलिन्सही आहे.

निओफोकमधले बरेचसे गूढ पोशाखी असते: धूर, मुखवटे, प्राचीन चिन्हांची उसनवारी. त्यातल्या काहींनी फॅसिस्ट चिन्हांशी केलेली सलगी तर अक्षम्यच. हा आल्बम त्याहून वरचा ठरतो, कारण त्याचा काळोख आयता आणलेला नाही. पिढ्यानपिढ्या माणसांनी एकत्र बसून गायलेल्या मरणातून तो आलेला आहे.

टिबेटने कॉलिन्सचा पिच्छा सोडला नाही. २०१४ साली लंडनच्या युनियन चॅपलमध्ये ‘करंट ९३’च्या मैफलीआधी ती तीसहून अधिक वर्षांनी लोकांसमोर गायली, आणि २०१६ मध्ये ‘लोडस्टार’ हा तिचा नवा आल्बम आला. हे सगळे ऐकायचे असेल तर लोमॅक्स यांच्या फाइफच्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करा. ‘ब्लॅक शिप्स’ त्यानंतर लावा.