घरचं वाय-फाय न दिसणारा लॅपटॉप: उपनगरांतल्या बिनतारी लहरींचा थोडा इतिहास

मंडळी, आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून दोघा-तिघांनी आम्हाला आधीच विचारलं, की हे इतिहासाचं व्यासपीठ आहे की कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान? (हशा) प्रश्न रास्त आहे. पण आज आपण एक बिघाड घेणार आहोत आणि त्याचं कारण शोधत मागे मागे जाणार आहोत. ते कारण १९४७ पर्यंत जातं, कायद्याकडून पाहिलं तर १८८५ पर्यंत.

गोष्ट जून २०२० ची. १५ जूनला शाळेचं वर्ष सुरू झालं, पण ऑनलाइन. आमची भाची तेव्हा नववीत, मुलुंड पूर्वेला राहणारी. वडील हॉस्पिटलात नोकरीला, त्यामुळे ते रोज कामावर, आणि घरातला एकुलता एक चांगला फोन त्यांच्या खिशात. आईकडे बटणांचा फोन. शाळेसाठी भरवसा होता तो न्यू जर्सीच्या मामेभावाने आदल्या वर्षी सुट्टीला आला असताना ठेवून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर. आणि नेमका त्या लॅपटॉपला घरचं नेटवर्क दिसेना. कधी दिसायचं, कधी तीन-तीन दिवस नाही. ज्या दिवशी नाही, त्या दिवशी वर्ग बुडाला. बाईंच्या हजेरीत नावापुढे फुली.

आम्ही बोरिवलीत. त्याच १५ तारखेला लोकल सुरू झाल्या होत्या, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. इतिहास शिकवणारा माणूस अत्यावश्यक सेवेत मोडत नाही. (हशा) म्हणजे जे काही करायचं ते आईच्या त्या बटणांच्या फोनवरून, नुसतं बोलून.

पहिले प्रश्न सगळे विचारतात तेच. विमानाचं चिन्ह दिसतंय का? लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचं बारीक बटण आहे का, ते चुकून सरकलंय का? बंद करून चालू केलास का? सगळं करून झालं होतं. मग ती म्हणाली, "मामा, शेजारच्यांची सगळी नेटवर्कं दिसतात, आपलंच तेवढं नाही." या एका वाक्याने अर्धं काम झालं. शेजारची दिसतात, म्हणजे लॅपटॉपचा कान शाबूत आहे. रात्री वडील घरी आले की त्यांच्या फोनवर घरचं नेटवर्क व्यवस्थित लागायचं, म्हणजे राउटरचा गळाही शाबूत. दोघं धडधाकट, एकाच खोलीत, आणि तरी गाठ पडत नाही. हे का होतं, ते कळायला आधी लहरींचा कायदा बघावा लागतो.

आपल्याकडे तारेवर आणि पुढे बिनतारी संदेशांवर सरकारची मक्तेदारी बसवली ती १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा त्याच्याही पुढे गेला: बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना. मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ मध्ये हौशी प्रसारण केलं होतं, २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, आणि रेडिओ घरात ठेवायचा तर पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरायचे, हे आपल्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांनी स्वतः केलेलं आहे. १९८० च्या दशकात ते बंद झालं.

आणि परवान्याशिवाय प्रसारण केलं तर? १९४२ च्या ऑगस्टमध्ये २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी याच शहरात काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर. जागा बदलत राहायचे, कारण पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत होत्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला, आणि तो तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे पडला, असं उषाबेन पुढे सांगत. हा प्रसंग लक्षात ठेवा. लहरी शोधत फिरणारे पोलीस आपल्याला अजून एकदा भेटणार आहेत.

आता घरातली ही लहर बिनपरवाना कशी झाली? १९४७ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिथे २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उद्योग, विज्ञान, वैद्यक यांच्या यंत्रांसाठी बाजूला काढला. म्हणजे संदेशासाठी नव्हे, तर जी यंत्रं लहरींनी वस्तू तापवतात वगैरे, त्यांच्यासाठी. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यातला. दळणवळणवाल्यांच्या दृष्टीने ही गावाबाहेरची उकिरड्याची जागा. १९८५ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने सांगितलं, की या जागेत कमी ताकदीची संदेशयंत्रं परवान्याशिवाय चालवा, मात्र तक्रार करायची नाही. त्या परवानगीतून १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं, सेकंदाला २ मेगाबिटचं. १९९९ मध्ये ११ मेगाबिट झाले. २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं आणि वाय-फायचं कार्ड लॅपटॉपच्या पोटातच यायला लागलं.

आपल्याकडे त्या वेळी काय होतं? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुलं केलं, ते फोनच्या तारेवरून, मोडेमच्या त्या किरकिरीसकट. १९९८ च्या नोव्हेंबरपासून खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि उपनगरांत एक अस्सल स्थानिक व्यवस्था उभी राहिली. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठेही वर बघा: एका बिल्डिंगच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर टाकलेल्या वायरी. आखाती युद्धाच्या सुमारास ज्या केबलवाल्याने घराघरांत टीव्ही नेला, त्याचाच पोरगा आता इंटरनेट नेत होता. नेट बंद पडलं की कंपनीला नाही, त्याला हाक मारायची. ही वायर घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबायची. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती, आजच्या मुलांना हा आकडा विनोदच वाटतो.

उंबऱ्यापासून पलंगापर्यंतचं अंतर बिनतारी झालं ते जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने. त्याआधी आवाराच्या आत मर्यादित मोकळीक होती, आता २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. १८८५ पासूनच्या सरकारी कुंपणाला पडलेलं हे भोक ८३.५ मेगाहर्ट्झचं. आमच्या मते मुंबईच्या मध्यमवर्गीय घराच्या इतिहासात ही अधिसूचना मोठी आहे, पण तिची तारीख कुणाला विचारली तर सांगता येणार नाही.

आणि मग २००८. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी रहिवाशाच्या वाय-फायवरून गेला होता. त्याने पासवर्डच ठेवला नव्हता. दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं. पुढे माटुंग्याच्या एका कॉलेजचं नेटवर्क, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी जाहीर केलं, की आम्ही फिरून उघडी नेटवर्कं शोधणार. सहासष्ट वर्षांनी पुन्हा तेच: रस्त्यावर पोलीस, आणि हवेत लहर. फक्त या वेळी गुन्हा प्रसारणाचा नव्हता, दार उघडं ठेवण्याचा होता.

त्या भीतीचा एक अवशेष अजून घराघरांत सापडतो. पासवर्ड लावला, ते उत्तमच झालं. पण कित्येकांनी नेटवर्कचं नावही लपवलं. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी अमुक, मी इथे आहे' अशी हाक देत असतो. नाव लपवलं की हाक चालूच राहते, फक्त नावाच्या जागी कोरं. म्हणजे चोराला ते कळतंच, आणि घरच्या माणसाला मात्र नाव हाताने टाइप केल्याशिवाय जोडता येत नाही. उलट लॅपटॉपच बाहेर गेल्यावर 'अमुक आहे का, अमुक आहे का' असं विचारत हिंडतो. यात सुरक्षा फारशी नाही. भाचीच्या घरीही आम्हाला आधी हाच संशय आला. पण वडिलांच्या फोनवर नाव दिसत होतं, तेव्हा तो संशय बाद.

दुसरा संशय ५ गिगाहर्ट्झचा. नव्या राउटरला दोन पट्टे असतात. जुन्या लॅपटॉपला कधी कधी फक्त २.४ ऐकू येतो. दोन्हींची नावं वेगळी असली तर एक दिसेल आणि एक दिसणार नाही. पण तिच्या घरचा राउटर एकाच पट्ट्याचा निघाला. भिंतींचाही विचार केला, कारण आपल्या बिल्डिंगांतलं आरसीसी आणि राउटरपुढचं लोखंडी कपाट या बारा सेंटीमीटरच्या लहरीला चांगलं अडवतं. पण राउटर आणि लॅपटॉप एकाच खोलीत होते.

उलगडा झाला तो भाचीच्या वहीमुळे. तिने आपण होऊन तारखा लिहून ठेवल्या होत्या: आज दिसलं, आज नाही. इतिहासाच्या माणसाला याहून चांगलं साधन काय हवं? आम्ही विचारलं, "नाही-नाहीच्या आधी काय काय झालं होतं, ते आठव." थोडा वेळ शांत, आणि मग, "लाइट गेली होती." बहुतेक वेळा हेच. लाइट जाऊन आली, राउटर नव्याने सुरू झाला, की नेटवर्क एक तर परत यायचं किंवा गायब व्हायचं.

आता ते ८३.५ मेगाहर्ट्झ आठवा. त्यात १ ते १३ अशी चॅनेलं बसतात, एकमेकांवर चढलेली. भारतात तेराही चालतात. अमेरिकेत पट्टा तेवढाच आहे, पण त्याच्या वरच्या कडेला लागून जो पट्टा आहे, त्यात गळती होऊ नये याचे नियम कडक. म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या यंत्रांत कंपन्या १२ आणि १३ बंदच ठेवतात. न्यू जर्सीचा लॅपटॉप मुलुंडला आला तरी अकरापर्यंतच ऐकत होता. आणि इथला राउटर 'ऑटो'वर. दरवेळी सुरू होताना तो गर्दी बघून चॅनेल निवडणार. मुलुंडच्या बिल्डिंगीत १, ६, ११ ही खच्चून भरलेली, मग शहाणा राउटर कधी कधी १३ वर जाऊन बसायचा. वडिलांचा फोन इथलाच, त्याला तेरावं ऐकू यायचं.

रात्री वडील आल्यावर त्यांच्या फोनवरून राउटरचं आतलं पान उघडलं. त्याचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर होता. चॅनेल: ऑटो. सध्याचं: १३. ते ऑटोवरून ६ केलं, सेव्ह केलं. अर्ध्या मिनिटात पलीकडून भाचीचा आवाज, "आलं!" सहावर गर्दी आहे, वेग थोडा कमी मिळतो, पण तिथे तो लॅपटॉप ऐकतो. ज्यांचे नातेवाईक परदेशातून यंत्रं आणतात, त्यांनी राउटर विकत घेतल्या दिवशीच चॅनेल ११ च्या आत पक्कं करून ठेवावं.

नऊ वर्ग बुडाले होते. बाईंना आम्ही कारण सविस्तर लिहून पाठवलं, त्यांनी चार फुल्या काढल्या, पाच राहू दिल्या.

पुढे १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, ते तुम्हाला आठवत असेल. वीज परत आल्यावर मुलुंडहून फोन आला. आम्हाला वाटलं, पुन्हा काहीतरी. भाची म्हणाली, "काही नाही मामा, नुसतं सांगायला केला. सहावरच आहे."