‘चालतो’ म्हणजे नेमकं काय?



मागे एकदा रायपूरहून एका ताईंचा मेल आला. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, लॅपटॉप घ्यायचाय, घरात सत्तर हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत. मुलाची अट एकच, त्यावर ‘सायबरपंक २०७७’ चालला पाहिजे. दुकानदार प्रत्येक लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणतो, ‘चलेगा, बिलकुल चलेगा.’ ताईंनी लिहिलं होतं, ‘दादा, मला गेममधलं काही कळत नाही. एवढंच सांगा, चालतो म्हणजे नेमकं काय?’

प्रश्न एका ओळीचा आहे. पण त्याचं उत्तर द्यायला मला २०११ सालात जावं लागतं, कारण हाच प्रश्न तेव्हा आमच्या घरातही कुणीतरी विचारायला हवा होता.

आम्ही इंदूरचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. १७ मे २०११ ला पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’चा ‘द विचर २’ हा रोल-प्लेइंग गेम आला. त्याच्या किमान गरजांच्या यादीत ग्राफिक्स कार्डासमोर लिहिलं होतं : ५१२ एमबी मेमरी, जीफोर्स ८८०० किंवा त्या ताकदीचं कार्ड. मी त्यातलं फक्त ‘५१२ एमबी’ वाचलं. बाबांनी बोनसमधून पैसे दिले आणि दुकानदाराने एक जीबीचं कार्ड हातात ठेवलं. हवं होतं त्याच्या दुप्पट! मी खूश, बाबा खूश, दुकानदार तर फारच खूश.

घरी येऊन गेम लावला. सुरुवातीला गेराल्ट तुरुंगात असतो, मग आठवणीत किल्ल्याचा वेढा सुरू होतो. सैन्य, आग, वरून ड्रॅगन. आणि माझ्या पडद्यावर सेकंदाला बारा-तेरा चित्रं. सगळ्या सेटिंग तळाला नेल्या तरी तलवार उगारली की ती खाली येईपर्यंत शत्रू वार करून मोकळा. तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. ‘काय रे, चालतोय ना?’

‘हो, मस्त चालतोय,’ मी म्हणालो.

चूक कुठे झाली ते पुढे दोन-तीन वर्षांनी कळलं. कार्डाची मेमरी म्हणजे गोदाम. माल गोदामातून कारखान्यात किती वेगाने जातो, ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. जीफोर्स ८८०० जीटी या कार्डाचा रस्ता २५६ बिटचा होता. माझ्या स्वस्तातल्या कार्डाचा ६४ बिटचा, आणि मेमरीही संथ जातीची. गोदाम मोठं, रस्ता बोळाएवढा. त्यावर चित्र रंगवणारे कारागीरही मोजकेच. डब्यावर मात्र गोदामाचाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, कारण गिऱ्हाइकाला तोच कळतो.

आता गंमत बघा. ज्या कंपनीच्या गेमने मला रडवलं, ती कंपनीही अशाच बाजारातून वर आली होती. मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या दोन तरुणांनी १९९४ मध्ये वॉर्सामध्ये सीडी प्रोजेक्ट सुरू केली. काम काय, तर परदेशी गेम आणून विकायचे. पोलंडमध्ये तेव्हा नकली प्रतींचा सुळसुळाट होता. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा अवाढव्य रोल-प्लेइंग गेम पोलिश भाषेत आणला. पाच सीडींचा गेम, सोबत नकाशा आणि पुस्तिका. लोक नकली प्रत सोडून हे घेतील का, हा जुगार होता, आणि तो जिंकला.

त्यांचा स्वतःचा पहिला गेम ‘द विचर’ २००७ च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्याचं इंजिन मुळात कॅनडाच्या बायोवेअरचं, ‘ऑरोरा’ नावाचं, बरंच बदलून घेतलेलं. गेमचं कौतुक झालं, पण दार उघडून घरात शिरलं की लोडिंगचा पडदा, बाहेर आलं की पुन्हा तोच पडदा. वर्षभराने त्यांनी सुधारित आवृत्ती काढली, लोडिंगचा वेळ बराच कमी केला, आणि ज्यांनी आधी गेम घेतला होता त्यांना ती फुकट दिली. या कंपनीची खोड इथेच दिसते, आणि तिचा गुणही. माल कच्चा बाहेर काढायचा, पण नंतर वर्षानुवर्षं तो निगुतीने दुरुस्त करत बसायचं.

‘विचर २’ साठी त्यांनी स्वतःचं ‘रेडइंजिन’ लिहिलं. त्या गेममध्ये ‘उबरसॅम्पलिंग’ नावाचा एक पर्याय होता. तो चालू केला की प्रत्येक चित्र अनेकदा रंगवून मग आक्रसून दाखवलं जाई. कडा सुरेख दिसत, पण त्या काळातली सगळ्यात महागडी कार्डंही गुडघे टेकत. सगळे पर्याय चालू करून ‘माझ्या लाखाच्या मशीनवर हा गेम चालत नाही’ म्हणणारे तेव्हा खूप होते. एक टिकमार्क काढली की तोच गेम पळायला लागे. दुसरीकडे, एप्रिल २०१२ मध्ये हाच गेम एक्सबॉक्स ३६० वर आला. त्या यंत्रात एकूण मेमरी ५१२ एमबी. माझ्या कार्डावरच्या मेमरीच्या निम्मी, आणि तीही सगळ्या कामांना मिळून! तरीही तिथे तो माझ्यापेक्षा बरा चालला. कारण तिथे यंत्र एकच होतं, आणि गेम त्या यंत्राच्या मापाने पुन्हा बेतला होता.

म्हणून ‘चालतो’ या शब्दाचा पहिला अर्थ असा : कुठल्या सेटिंगवर?

दुसरा अर्थ कळायला थोडं गणित लागतं, पण सोपं आहे. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांसाठी ३३.३. आता समजा सेकंदभरात ५९ चित्रं झटपट तयार झाली आणि एक मध्येच अडकलं. सरासरी उत्तम, पण डोळ्याला धक्का बसतो. आपल्याकडे पावसाचं असंच असतं. सरासरी शंभर टक्के पाऊस झाला म्हणून सरकारी कागद खूश, पण जुलैत तीन आठवडे थेंब नाही आणि पीक गेलं. शेतकरी सरासरी खात नाही आणि खेळाडू सरासरी खेळत नाही. म्हणून जाणकार लोक सरासरीबरोबर सगळ्यात संथ एक टक्का चित्रांचा वेग वेगळा मोजतात.

१९ मे २०१५ ला ‘विचर ३’ आला. त्यातली दलदल आणि नोव्हिग्राड शहर म्हणजे या मोजणीची प्रयोगशाळाच. माळरानावर सुरळीत पळणारी यंत्रं या दोन ठिकाणी अडखळत. या गेममध्ये एनव्हिडियाचं ‘हेअरवर्क्स’ होतं. गेराल्टचे केस, लांडग्यांची लव, सगळं बटेबटेने रंगवायचं. एएमडीच्या कार्डांवर त्याने वेग पार कोसळे. मग खेळाडूंनीच शोधून काढलं की ड्रायव्हरमध्ये टेसेलेशनची मर्यादा ६४ ऐवजी १६ किंवा ८ केली तर वेग परत येतो आणि केस जवळजवळ तसेच दिसतात.

आणि हाच गेम ऑक्टोबर २०१९ मध्ये निन्टेंडो स्विचवर आला! सेबर इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने तो ३२ जीबीच्या कार्डात बसवला. हातात धरून खेळताना चित्राची उंची फक्त ५४० ओळींची, गवत विरळ, लांबचं धूसर. पण गोष्ट तीच, माणसं तीच. आता सांगा, हा गेम स्विचवर ‘चालला’ की नाही? ज्याच्याकडे दुसरं यंत्र नव्हतं त्याला विचारा.

मग आला १० डिसेंबर २०२०. ‘सायबरपंक २०७७’ ची घोषणा २०१२ मध्येच झाली होती. एकट्या २०२० सालात तारीख तीनदा पुढे ढकलली गेली. जेव्हा आला, तेव्हा ताकदवान पीसीवर तो थक्क करणारा होता. पण २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ वर, संथ हार्डडिस्क आणि दुबळ्या प्रोसेसरवर, गाडी भरधाव नेली की शहर मागून येत होतं. आठवडा-दीड आठवड्यात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो तिथे परत आला. जानेवारीत खुद्द इविन्स्की कॅमेऱ्यासमोर बसले आणि त्यांनी माफी मागितली.

पीसीवरही गमती कमी नव्हत्या. एएमडीच्या रायझन प्रोसेसरची पूर्ण शक्ती गेम वापरतच नाहीये, हे एका खेळाडूने गेमच्या फाइलमधले काही आकडे बदलून दाखवून दिलं. चार आणि सहा कोरच्या चिपसाठी ती दुरुस्ती कंपनीने त्याच महिन्यात अधिकृत केली. म्हणजे मशीन तेच, पैसे तेवढेच, पण १० डिसेंबरचं ‘चालतो’ आणि महिनाअखेरचं ‘चालतो’ वेगळं!

आता या इतिहासातला मला सगळ्यात बोलका वाटणारा तपशील. २०२० मध्ये जीटीएक्स १०६० हे कार्ड सायबरपंकच्या ‘शिफारस केलेल्या’ यादीत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये आवृत्ती २.० आली, तेव्हा तेच कार्ड ‘किमान’ यादीत गेलं. किमान रॅम ८ जीबीवरून १२ झाली, आणि हार्डडिस्क जाऊन एसएसडी सक्तीची झाली. गेमचं नाव तेच आणि कार्डही तेच. बदललं होतं ते माप. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यात ‘पाथ ट्रेसिंग’ आलं, म्हणजे प्रकाशाचा प्रत्येक किरण हिशेबाने सोडायचा. त्यात ४के चित्र कुठल्याही मदतीशिवाय रंगवायला घेतलं, तर त्या वेळचं सर्वांत महाग आरटीएक्स ४०९० सुद्धा ३० चा आकडा गाठू शकत नव्हतं. आणि २०२५ मध्ये हाच गेम स्विच २ वर आणि मॅकवरही आला. वरचं टोक आकाशाला टेकलं आणि खालचं हातात मावू लागलं.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दुकानात जाताना एका चिठ्ठीवर चार प्रश्न लिहून न्या.

पहिला, कुठल्या रेझोल्यूशनला आणि कुठल्या सेटिंगवर चालतो? दुसरा, ग्राफिक्स चिप किती वॉटची आहे? लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० एका कंपनीत ३५ वॉटचं असू शकतं, दुसरीत ११५ वॉटचं. डब्यावर नाव एकच. तिसरा, रॅमच्या पट्ट्या दोन आहेत का एक? एकच असेल तर पुन्हा तीच गोदाम आणि बोळाची गोष्ट. चौथा, दाखवताय तो आकडा ‘फ्रेम जनरेशन’ लावून आहे का? त्यात दोन खऱ्या चित्रांमध्ये यंत्र स्वतः एक चित्र भरतं. दिसायला गुळगुळीत, पण हाताला मूळचाच वेग जाणवतो.

आणि शक्य असेल तर तिथेच अर्धा तास गेम चालवून बघा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच लॅपटॉप शूर असतात. रायपूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगावा? चिप तापली की स्वतःचा वेग कमी करते, आणि दुकानातल्या एसीत ते कधीच दिसत नाही.

मुलालाही एक सांगा. या कंपनीचा इतिहास हेच शिकवतो की थांबणाऱ्याला चांगला गेम मिळतो, आणि बहुतेकदा स्वस्तात. मध्यम सेटिंगवर, ४० च्या आसपास स्थिर वेगाने खेळलेली गोष्ट तितकीच मनात राहते.

हा भाग लिहून झाल्यावर मी इंदूरला फोन केला आणि बाबांना १४ वर्षांनी खरं सांगितलं, की तो गेम नीट चालत नव्हता. ते म्हणाले, ‘मला दिसत होतं की. चित्र अडकत होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी त्या दुकानात गेलो होतो. डबा फोडला, आता परत घेणार नाही म्हणाला. तुला कशाला सांगायचं, तू तर खूश होतास.’

दोघंही एकमेकांसाठी ‘चालतोय’ म्हणत राहिलो. म्हणून ताई, तुमचे सत्तर हजार मोजण्याआधी त्या शब्दाचा अर्थ दुकानदाराकडून वदवून घ्या. आणि लॅपटॉप घरी आला की मुलाच्या मागे उभं राहून विचाराच, पण उत्तर त्याच्या तोंडून ऐकू नका, पडद्यावर बघा. अडकत असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत दोघं मिळून दुकानात जा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.