न पाहिलेल्या नाटकाची कॅसेट

आजचा भाग सुरू करतोय एका कॅसेटपासून. ६० मिनिटांची, एका बाजूला ३० मिनिटं. कंपनीचं लेबल कधीच उडालंय आणि त्या जागी निळ्या बॉलपेननं एकच शब्द लिहिलाय: 'कट्यार'.

आमच्या सोनाळ्याच्या घरात ही कॅसेट माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. सोनाळा म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका. मागे सातपुडा, समोर कपाशी. नाट्यगृह नाही, तेव्हाही नव्हतं. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती अकोल्याला एका दुकानात भरून आणली होती. आजच्या पोरांसाठी सांगतो, 'भरून आणणं' म्हणजे कोरी कॅसेट घेऊन जायची आणि दुकानदार डबल डेकवर दुसरीवरून गाणी उतरवून द्यायचा. आजच्या भाषेत पायरसीच. पण हा शब्द आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता.

पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं होतं 'घेई छंद मकरंद'. वसंतराव देशपांडे तानेवर तान टाकत वर निघालेत आणि अर्ध्या तानेत कट्! टेप संपली. मला बरीच वर्षं वाटायचं की गाणं तिथंच संपतं. मी शाळेत तसंच म्हणून दाखवायचो, अर्ध्या तानेत थांबून.

तर आजचा विषय हाच. नाटक रंगभूमीवर घडतं, पण बहुतेक लोकांपर्यंत ते पोचतं गाण्यांच्या रेकॉर्डमधून. मग त्या ऐकणाऱ्यांनी नाटक 'अनुभवलं' असं म्हणायचं का?

आधी थोडा इतिहास. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं. त्यात शंभराहून जास्त पदं होती. पुढे बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला इतके 'वन्स मोअर' पडायचे की नाटक पहाटेपर्यंत चालायचं. आणि मग आली ग्रामोफोनची तबकडी. ७८ च्या वेगानं फिरणारी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रात्रभराचं गाणं तीन मिनिटांत बसवायचं! गायकांनी ते केलं. आलाप छाटले, ताना मोजून घेतल्या. आपण सॉफ्टवेअरवाले फाइल लहान करताना जे करतो तेच. काय टाकलं तरी चालेल आणि काय ठेवलंच पाहिजे, हा निर्णय.

अमेरिकेत १९४३ साली 'ओक्लाहोमा!' या संगीत नाटकाच्या मूळ नटसंचाची गाणी डेक्का कंपनीनं तबकड्यांच्या संचात काढली आणि ती तुफान खपली. १९४८ मध्ये कोलंबियानं लाँग प्ले, म्हणजे एलपी, आणली. आता एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त वेळ मिळाला, म्हणजे अख्ख्या नाटकाची गाणी एकाच तबकडीवर. न्यूयॉर्कला कधीही न गेलेली माणसं ब्रॉडवेची गाणी तोंडपाठ म्हणू लागली. गंमत म्हणजे 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'चा तर आधी अल्बम आला, १९७० मध्ये, आणि नाटक ब्रॉडवेवर उभं राहिलं १९७१ मध्ये. मुंबईत हेच नाटक इंग्रजीत झालं तेव्हा त्यात ज्यूडास गाणारा मराठी मुलगा होता नंदू भेंडे. त्यानंच १९७८ मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश केला आणि मराठी रंगभूमीवर रॉक आणलं. त्यावर एक वेगळा भाग करू.

आता आपल्याकडे परत. बोलपट आले आणि संगीत नाटक मागे पडलं. १९६० नंतर ते पुन्हा उठलं, आणि त्यात मोठा हात पंडित जितेंद्र अभिषेकींचा. गोव्यातल्या मंगेशीचा हा माणूस. 'मत्स्यगंधा' १९६४, 'ययाति आणि देवयानी' १९६६, त्याच वर्षी हलकंफुलकं 'लेकुरे उदंड जाली'. त्यांनी पदांची संख्या कमी केली, चाली बांधीव केल्या, आणि गाणं नाटकाला थांबवणार नाही तर पुढे नेईल असं बघितलं. एलपीच्या जमान्याला अशी गाणी बरोबर बसली.

आणि २४ डिसेंबर १९६७ ला आलं 'कट्यार काळजात घुसली'. संस्था नाट्यसंपदा, निर्माते प्रभाकर पणशीकर, संगीत अभिषेकींचं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे नागपूरचे दारव्हेकर मास्तर, रंजन कला मंदिरवाले. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, जन्म १९२०, गाव मूर्तिजापूर. मूर्तिजापूर आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात! आबाजी हे असं सांगायचे जणू वसंतराव आमच्याच भावकीतले.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एका संस्थानात दोन गायक आहेत, पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन. दोन घराणी, दोन गायकी. राजगायकाचा मान आणि त्यासोबत कट्यार जिंकणाऱ्याला मिळते. मान खाँसाहेबांकडे जातो. मग सदाशिव नावाचा तरुण येतो, त्याला गाणं शिकायचंय. खाँसाहेब आपली विद्या घराबाहेर जाऊ देणार नाहीत. म्हणून तो लपून-छपून ऐकतो आणि ऐकून-ऐकून त्यांची गायकी गळ्यात उतरवतो.

मंडळी, इथं मी अडकलो. कारण भरून आणलेली कॅसेट ऐकणारे आम्ही सगळे सदाशिवच की! समोर बसून शिकायची सोय नाही, थिएटर नाही, तिकीट नाही. भिंतीपलीकडून जे येईल ते ऐकायचं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नाटकात 'घेई छंद' दोनदा आहे. शब्द तेच, चाली दोन. एक संथ, पंडितजींच्या गायकीतली. दुसरी वेगवान, तानांनी भरलेली, खाँसाहेबांची. नाटकाचं भांडणच या एका पदात आहे. एकच कविता, पण गावी कशी? आमच्या कॅसेटवर फक्त दुसरी चाल होती, तीही अर्धी. म्हणजे भांडणातली एकच बाजू मी वीस वर्षं ऐकत होतो, आणि मला वाटायचं की खाँसाहेबच हिरो.

इंजिनीअरिंगला असताना, नोव्हेंबर २०१५ मध्ये, सुबोध भावेंचा सिनेमा आला. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं, जुनी पदंही त्यात होती, आणि खाँसाहेबांचा आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. रूमवर आल्यावर मी मूळ रेकॉर्डिंग शोधलं आणि त्या रात्री पहिल्यांदा ती तान पूर्ण ऐकली. वर गेलेली तान फिरून, खेळून, परत समेवर आली. मी अक्षरशः उठून बसलो. पार्टनर म्हणाला, "काय झालं बे?" काय सांगणार त्याला!

आता जरा अवघड भाग. आबाजी आयुष्यभर या नाटकाचं वर्णन करायचे. पडदा कसा उघडतो, खाँसाहेब कसे बसतात, फय्याज 'लागी कलेजवा कटार' म्हणते तेव्हा लोक कसे गप्प होतात. यात्रेत, लग्नात, पंगतीत, कुठंही. गावात त्यांची ओळखच होती की यांनी वसंतरावांचं 'कट्यार' पाहिलंय. २०१९ मध्ये आबाजी गेले. त्यानंतरच्या दिवाळीत मी आजीला सहज विचारलं, आबाजींनी नाटक कुठं पाहिलं होतं, नागपूरला की अकोल्याला?

आजी वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठंच नाई पाह्यलं रे त्याईनं. वावर सोडून जातीन कुठं? रेडिओवर आयकलं, मंग अकोटच्या वाचनालयातून पुस्तक आनलं, तीन डाव वाचलं. अन् सांगत रायले."

मला खरं सांगायचं तर राग आला. इतकी वर्षं खोटं? मी मित्रांना सांगितलं होतं की माझ्या आजोबांनी वसंतरावांना समोर बसून ऐकलंय. दोन-तीन दिवस मी ती कॅसेट हातात घेतली नाही.

मग या भागासाठी वाचायला बसलो आणि वसंतरावांचं आयुष्य पुन्हा समोर आलं. हा माणूस कितीतरी वर्षं सरकारी नोकरीत हिशेब तपासत होता. नागपूरला शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकला, लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे मारवा शिकला, आणखी इथून-तिथून जे मिळालं ते घेतलं. कुठल्याही एका घराण्याचा शिक्का त्याच्यावर नाही. आणि मराठी रंगभूमीवर घराण्याच्या अभिमानानं पेटलेला खाँसाहेब कुणी केला? त्यानंच! लोकांना तो खरा वाटला, कारण त्यानं ते सगळं ऐकून, साठवून स्वतःचं केलं होतं.

आबाजींनीही तेच केलं, त्यांच्या ऐपतीनं. १९४८ पासून सुरू असलेलं आकाशवाणीचं नागपूर केंद्र, वाचनालयातलं पुस्तक आणि अर्ध्या तानेत तुटणारी कॅसेट, एवढ्या सामानावर त्यांनी डोक्यात अख्खं थिएटर बांधलं. 'मी पाहिलंय' म्हणाले, ती चूकच. ते खोटं मी माफ केलंय असंही नाही. पण 'मी ऐकलंय' म्हटलं असतं तर पंगतीत कुणी ऐकून घेतलं असतं का? पाहणाऱ्याला मान असतो. ऐकणाऱ्याला आपण प्रेक्षकांत मोजतच नाही. संगीत नाटकाच्या इतिहासात प्रयोगांची संख्या येते, थिएटरांची नावं येतात. पण त्याची गाणी पन्नास-साठ वर्षं जिवंत ठेवली ती बहुतांशी अशाच लोकांनी, ज्यांनी पडदा उघडताना कधी बघितलाच नाही.

म्हणून एक काम देतो. आज रात्री हेडफोन लावा. आधी संथ 'घेई छंद' ऐका, मग लगेच वसंतरावांचं. शफल बंद ठेवा. दोन्हींत शब्द तेच आहेत हे विसरू नका. त्यानंतर 'सुरत पिया की'. एवढं केलंत तर नाटकाचं अर्धं भांडण तुम्हाला कुणी न सांगता कळेल. आणि उद्या कुणी विचारलं तर बिनधास्त सांगा, पाहिलं नाही, ऐकलंय.

गेल्या उन्हाळ्यात घरी गेलो होतो. रात्री अंगणात खाट टाकली आणि आजीच्या कानाला फोन लावून ते पद पूर्ण वाजवलं. कॅसेट जिथं तुटायची ती जागा आली, गेली, तान पुढे चालू राहिली. आजीनं फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे तं पुढंबी हाय! त्याईले मालूम नव्हतं."

मग म्हणाली, "पयल्यापासून लाव."

चला, भेटूया पुढच्या भागात. तुमच्या घरातही अशी भरून आणलेली एखादी कॅसेट असेल तर तिच्यावर काय लिहिलंय ते मला नक्की कळवा.