असाध्य लिम्फोमावर ‘घडवलेल्या’ पेशींची मात्रा

लिम्फोमा हा लसीका संस्थेचा कर्करोग. त्यातील ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ हा प्रकार झपाट्याने वाढतो. केमोथेरपीने अनेक रुग्ण बरे होतात. मात्र औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपुढे फारसा मार्ग नसे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्कॉलर-१’ अभ्यासानुसार अशा रुग्णांपैकी निम्मे जण सुमारे सहा महिन्यांत दगावत.

या रुग्णांसाठी ‘कार-टी’ उपचारपद्धती पुढे आली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढून निष्प्रभ केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घातले जाते. त्यामुळे बी-पेशींवरील ‘सीडी-१९’ हे प्रथिन त्यांना ओळखता येते. वाढवलेल्या पेशी पुन्हा शरीरात सोडल्या की त्या कर्करोगग्रस्त पेशी शोधून नष्ट करतात.

‘झुमा-१’ चाचणीत १०१ रुग्णांना या पेशी देण्यात आल्या. त्यांपैकी ८२ टक्के रुग्णांनी उपचारांना प्रतिसाद दिला, तर ५४ टक्के रुग्णांत कर्करोगाचा मागमूस उरला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली. पाच वर्षांनंतरही सुमारे ४३ टक्के रुग्ण हयात होते.

मात्र, हे यश निर्धोक नव्हते. चवताळलेल्या प्रतिकारशक्तीमुळे तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो. १३ टक्के रुग्णांत हा त्रास गंभीर ठरला, तर २८ टक्के रुग्णांत मेंदूवर गंभीर परिणाम दिसले. उपचारांच्या दुष्परिणामांमुळे मृत्यूही झाले.

शिवाय, ‘झुमा-१’मध्ये तुलनेसाठी दुसरा रुग्णगट नव्हता, निष्कर्ष जुन्या नोंदींशी ताडून पाहावे लागले. ही उणीव ‘झुमा-७’ने भरून काढली. पहिल्या उपचारानंतर आजार लवकर उलटलेल्या किंवा मुळीच न हटलेल्या ३५९ रुग्णांची त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. दोन वर्षांनी आजार न बळावलेले व नव्या उपचारांची गरज न पडलेले रुग्ण कार-टी गटात ४१ टक्के, तर प्रचलित उपचारांच्या गटात १६ टक्के होते.

प्रश्न उरतो तो खर्चाचा. अमेरिकेत मान्यतेच्या वेळी या उपचाराची किंमत ३ लाख ७३ हजार डॉलर होती. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार-१९’ या देशी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा खर्च अमेरिकेच्या तुलनेत सुमारे एक दशांश आहे. तरीही लाखांच्या घरातील ही रक्कम सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरच आहे.